व्होस्तोक-१ ची प्रतिकृती: मापं आणि गोळ्याचं परतणं

मिरजकर: सांगलीतल्या शाळेत १२ एप्रिलला प्रदर्शन आहे. पहिला अंतराळवीर गागारिन याच्या यानाची प्रतिकृती करायची आहे. १० सेंमीचा थर्मोकोलचा गोळा चालेल का? आणि यानाला पंख नव्हते, मग तोंड बरोबर दिशेला कसं वळायचं?

वाईकर: चालेल. गागारिन बसला तो खरा गोळा २.३ मीटरचा, म्हणजे प्रमाण १:२३. मागचा यंत्रकक्ष २.४३ मीटर रुंद, तो साधारण १०.५ सेंमी येईल. स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉलचे दोन हात, पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक. गोळा आणि यंत्रकक्ष बांधणारे चार पट्टे पत्र्याचे करा. दोन्ही जोडणारी केबल मात्र विसरू नका! परतताना यंत्रकक्ष गोळ्यापासून वेगळा व्हायचा, तेव्हा ही केबलही सुटायला हवी होती. ती वेळेवर सुटली नाही म्हणून गागारिनचं यान वातावरणात शिरताना गरागरा फिरलं. शेवटी केबल जळाल्यावरच गोळा मोकळा झाला.

कृष्णाकाठ: वळण्याचं उत्तर वजनात आहे. गुरुत्वमध्य एका बाजूला सरकवलेला होता, त्यामुळे जड बाजू आपोआप पुढे व्हायची. गोळ्यात एका बाजूला जड नट रुतवून पाण्याच्या बादलीत सोडा, मुलांना लगेच कळेल.

मिरजकर: मग गागारिन आतच उतरला का?

वाईकर: नाही. गोळा पॅराशूटसकट सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने आदळायचा. म्हणून गागारिन ७ किमी उंचीवर आसनासह बाहेर, पुढे स्वतःच्या पॅराशूटने. सोव्हिएतांनी हे बरीच वर्षं लपवलं, कारण उड्डाणाच्या जागतिक विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानातच उतरणं अपेक्षित होतं. फलकावर हे ठळक लिहा.