‘आल्मान्या’ : आजोबा छान, पण राग कुठे गेला?

कडूकाकडी
काल ‘आल्मान्या’ दुसऱ्यांदा पाहिला. यासेमिन शामदेरेलीचा २०११ चा जर्मन कौटुंबिक विनोदी चित्रपट. पटकथा तिची आणि बहीण नेसरीनची. (पुढे कथानक फुटणार आहे.) हुसेन यिल्माझ १९६४ मध्ये तुर्कस्तानातून मजूर म्हणून जर्मनीत येतो. दहा लाखावा पाहुणा कामगार ठरायचा, पण सभ्यपणे मागच्याला पुढे जाऊ देतो आणि दहा लाख एकावा होतो. म्हातारपणी गावाकडे घर घेऊन सगळ्या गोतावळ्यासकट निघतो.

पहिल्या वेळी रडले होते. या वेळी खटकलं. पंचेचाळीस वर्षांत या कुटुंबाला कुणी धड हिडीसफिडीसही करत नाही? १९९२ ला म्योल्न, १९९३ ला सोलिंगेन. तुर्की कुटुंबांची घरं पेटवली गेली, सोलिंगेनला पाच मुली-बायका गेल्या. इथे मात्र सगळं साखरेत घोळलेलं. जर्मन प्रेक्षकाने पॉपकॉर्न खात ‘किती गोड माणसं!’ म्हणावं आणि घरी जावं, अशी सोय.

नेकारकाठ
मुळीच पटलं नाही. मी श्टुटगार्टला राहतो. या चित्रपटातली खरी चपराक तुमच्या नजरेतून निसटली. जुन्या काळच्या प्रसंगांत तुर्की माणसं स्वच्छ जर्मन बोलतात आणि जर्मन लोक बोलतात ती निव्वळ अगडबगड. हुसेनची बायको फातमा नव्या देशात वाण्याकडे जाते, तिच्यासोबत आपणही हातवारे करत उभे. जर्मन प्रेक्षकाला त्याच्याच देशात, त्याच्याच दुकानात परकं करून ठेवलंय. रागाने ओरडून हे जमलं असतं?

शिवाय काळ बघा. आदल्या वर्षी सारात्सिन या जर्मन राजकारण्याचं पुस्तक आलं होतं, स्थलांतरित मुसलमानांमुळे देश बुडतोय म्हणणारं. धडाधड खपत होतं. त्या गदारोळात दोन बहिणी घरातल्या नाताळची गंमत सांगतात.

उंबरठ्यावर
नाताळच्या प्रसंगासाठी +१. पोरांना शेजारच्यांसारखा नाताळ हवा. आई बिचारी एवढंसं झाड आणते आणि भेटी कागदात न गुंडाळता तशाच मांडते. पोरांचे चेहरे पडतात. आपण हसतो, मग तिच्याकडे लक्ष जातं आणि हसू घशात अडकतं.

कडूकाकडी
@नेकारकाठ, भाषेची युक्ती भारीच, मान्य. पण तीही किती जपून! इस्तंबूलला जर्मन डॉक्टर या लोकांचे कपडे उतरवून, दात बघून निवड करत, बैल घेताना बघतात तसे. जर्मनी-तुर्कस्तानच्या १९६१ च्या मजूरभरती करारात दोन वर्षांनी परत पाठवायची अट होती, ती १९६४ ला निघाली, तीही कारखानदारांना दर दोन वर्षांनी नवी माणसं शिकवणं परवडेना म्हणून. विनोदाला केवढं खाद्य होतं यात, अगदी काळ्या विनोदाला. त्याऐवजी काय, तर डॅक्सहुंड कुत्रा बघून ‘केवढा उंदीर!’

तिसरीघंटा
रागाचं सोडा, मला पटकथाच सैल वाटली. चार मुलं, सुना, नातवंडं. त्यात नात काननचं गरोदरपण असं हाताळलंय की कळेपर्यंत मिटतंही. दोन भावांचं भांडण तर बसमध्ये सुरू, बसमध्येच थंड. आजोबांचा मृत्यू आला की सगळ्यांचे प्रश्न एकदम सुटतात, हे लेखकाच्या फार सोयीचं. याला पटकथेचा जर्मन फिल्म पुरस्कार कसा मिळाला, कोण जाणे. (ह. घ्या.)

नेकारकाठ
@तिसरीघंटा, मृत्यूनंतरच तर खरी गंमत आहे! आजोबांनी नुकताच जर्मन पासपोर्ट घेतलेला, त्यामुळे त्यांच्याच मातीत त्यांना ‘परदेशी’ म्हणून पुरायची वेळ येते. सरकारी कारभाराची इतकी कोरडी टर मी कमी पाहिलीय. आणि गावचं ते घर? दर्शनी भिंत आणि दार तेवढं शिल्लक, मागे आभाळ.

मी मागच्या वर्षी इथला नागरिक झालो. परीक्षा सोपी, तेहतीसपैकी सतरा बरोबर आले की पास. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, आपला देश नाही. निळा पासपोर्ट काउंटरवर सरकवला, समोरच्या बाईंनी रद्दचा शिक्का मारला आणि ‘नेक्स्ट’. चित्रपटात हुसेनला स्वप्न पडतं ना, की नागरिकत्व हवं तर डुकराचं मांस खायचं, दर रविवारी ‘टाटोर्ट’ ही टीव्हीवरची पोलिसी मालिका बघायची आणि जर्मनांच्या लाडक्या मायोर्का बेटावर सुट्टीला जायचं? ते बघताना बायको हसून लोळत होती. मला नाही हसू आलं.

कडूकाकडी
बघा! म्हणजे राग आहेच, फक्त तो तुम्ही घरून घेऊन गेलात. चित्रपटाने दिला नाही.

उंबरठ्यावर
दिला की. वर्गातला नकाशा आठवा. धाकटा नातू चेंक, त्याचं गाव कुठलं म्हणून बाई झेंडा टोचायला जातात, तर युरोपचा नकाशा इस्तंबूलपाशीच संपतो. मग झेंडा नकाशाबाहेर, कोऱ्या भिंतीवर. पोरगं नुसतं बघत राहतं. त्याच दिवशी फुटबॉलला जर्मन संघही घेत नाही, तुर्की संघही नाही.

कडूकाकडी
हं. तो नकाशा मी विसरले होते.
साखरेचं मात्र मागे घेत नाही.