जुन्या लॅपटॉपवर जुनीच सिस्टीम टाकली असेल, तर तुमचा अनुभव लिहा

सातारा, शिक्षिका

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे मी एका लॅपटॉपशी झुंजतेय. तुमच्यापैकी बरेच जण यातून गेले असणार, म्हणून सगळ्यांना लिहायचा आग्रह करतेय. कोणतं यंत्र, कोणती सिस्टीम, कुठे अडलं, कसं सुटलं, एवढं तरी सांगाच.

माझं आधी सांगते. लॅपटॉप वडिलांचा, २००६ चा, रॅम १ जीबी. आप्पा आता ८१ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या गावाचा इतिहास लिहिला, वाड्यावस्त्या, देवस्थान, धरणात गेलेली शिवारं, सगळं. ती २४० पानं त्यांनी स्वतः पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली आहेत. आता त्यांना काही पानं दुरुस्त करून पुस्तक छापायचंय.

लॅपटॉप हळू चालतो म्हणून मध्यंतरी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. त्यांनी न विचारता विंडोज १० टाकून दिली. नशीब, फायलींची सीडी आप्पांनी जपून ठेवली होती. पण यंत्र सुरू व्हायलाच सात मिनिटं लागायला लागली आणि मराठी सॉफ्टवेअर उघडेना. माझ्या नव्या लॅपटॉपवर फाईल उघडली, तर आप्पांच्या वाक्यांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! फाँट बदलून देणारी एक सोय वापरली. तिने ‘दर्‍या’चा ‘दर्या’ केला. डोंगरातल्या गावाच्या इतिहासात पानोपानी समुद्र. आप्पा ते वाचून काही बोललेच नाहीत, चष्मा काढून ठेवला.

तेव्हा ठरवलं, या यंत्रावर त्याची मूळ विंडोज एक्सपीच परत आणायची. खालच्या बाजूचं, विंडोजच्या कीचं स्टिकर पार झिजलेलं. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून, भिंगातून, २५ अक्षरं वहीत उतरवली. ८ आणि बी यांतला फरक ओळखायला अर्धा तास गेला. सीडी लावली, निळ्या पडद्यावर फायली भराभर चढल्या आणि मग एरर. लांबलचक आकडा, शेवटी ७बी. दोन दिवस मला वाटत होतं, डिस्कच गेली. तसं नव्हतं. एक्सपी २००१ ची, तिच्या सीडीत साटा डिस्कशी बोलायच्या नव्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हरच नाही, म्हणून तिला समोरची डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन साटा मोड ‘एएचसीआय’वरून जुना ‘आयडीई’ केला आणि गाडी पुढे गेली.

सिस्टीम बसली. पण आता मराठी सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडतच नाही ती छोटी किल्ली, ओळखत नाहीये. तिथे अडलेय. कोणी मदत करा, आणि तुमचेही अनुभव लिहा.

सोलापूर, डीटीपी आणि छपाई

ताई, लॉक आधी लावलंत ना? तिथेच सगळे फसतात. लॉक काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसत असेल ती नोंद अनइन्स्टॉल करा. यंत्र बंद करून सुरू करा. मग सॉफ्टवेअरच्या सीडीतला लॉकचा ड्रायव्हर टाका, परत एकदा रिस्टार्ट, आणि त्यानंतरच लॉक लावा. आधी ड्रायव्हर, मग लॉक. आतला दिवा लागला की समजा ओळखलं.

माझ्या प्रेसमध्ये आजही दोन यंत्रं एक्सपी एसपी३ वर आहेत. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, वीस वर्षांचं काम पेजमेकरच्या पी६५ आणि पीएमडी फायलींत पडलंय. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आजोबांच्या पुण्यतिथीची पत्रिका मागच्यासारखीच हवी. नवं टाइप करण्यापेक्षा जुनी फाईल उघडणं पाच मिनिटांचं काम.

युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठीत बदलून घ्यायला माझा विरोध नाही, उलट एकदा ते करायलाच हवं. पण जुन्या फाँटात काना, वेलांटी, रफार, अर्धा र हे सगळे वेगवेगळे तुकडे असतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला र्‍या आणि र्या यांतला फरक कळला नाही, तर तुमचं झालं तसंच होतं. म्हणून मूळ फाईल मूळ फाँटात उघडून, डोळ्यांनी तपासून, फाँट आत बसवलेली पीडीएफ काढायची. ती कुठल्याही प्रेसमध्ये चालते. बदललेला मजकूर मग त्या पीडीएफशी ताडून बघायचा.

आणि फाँटचं फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवा. फायली सगळे जपतात, फाँट कोणी जपत नाही.

भोसरी, मशीन मेंटेनन्स

आमची गोष्ट एक्सपीच्याही मागची आहे. शॉपवर एक लेथ आहे, नव्वदच्या दशकातली. यंत्र अजून मायक्रॉनमध्ये माप देतं, फक्त तिच्या कंट्रोलरशी बोलणारा प्रोग्रॅम डॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सिस्टीमचा. तो थेट सीरियल पोर्टवर हात टाकतो, यूएसबीचा कन्व्हर्टर त्याला चालत नाही. ज्या लॅपटॉपवर तो होता, त्याची हार्ड डिस्क एका शनिवारी दुसऱ्या पाळीत टकटक करायला लागली आणि बंद पडली.

जुन्या बाजारातून २००३ चा लॅपटॉप आणला, मागे नऊ पिनांचा खरा पोर्ट असलेला. त्याची डिस्क पण किती दिवस चालेल सांगता येत नव्हतं. मग ४४ पिनांचं छोटं कार्ड घेतलं, त्यात कॅमेऱ्याचं ४ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश बसवलं. लॅपटॉपला ती साधी आयडीई डिस्कच वाटते. फिरणारा भाग नाही, त्यामुळे शॉपफ्लोअरच्या हादऱ्याची भीती नाही. त्यावर विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती टाकली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम झेपत नाही, मेमरी कमी आहे असा उलटाच निरोप देते. लॅपटॉपमध्ये ७६८ होती. एक पट्टी काढली आणि लगेच चालू झालं. पट्टी काढायची नसेल तर सिस्टीम.आयएनआय फायलीत मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घालता येते.

मग डॉस मोडमध्ये गेलो, केबल जोडली, ९६०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी. पहिला प्रोग्रॅम वाचून आला तेव्हा पाळीतली सगळी पोरं मागे उभी होती. त्याच रात्री त्या कार्डाच्या दोन नकला काढल्या, एक कपाटात, एक माझ्या घरी. हे लॅपटॉप नेटला कधीही जोडलेलं नाही आणि जोडणारही नाही.

नागपूर

छोटीच सूचना. सगळं बसलं, तरी प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. माझं २००२ दाखवत होतं. मदरबोर्डवरचा छोटा सेल गेलेला असतो. तारीख चुकली की सर्टिफिकेटं चुकीची ठरतात. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुतेक वेळा वायर आणि प्लगसकट येतो, घड्याळाच्या दुकानातला नुसता सेल बसेलच असं नाही. आधी उघडून बघा, मग आणा.

पुणे, निवृत्त

माझ्याकडे निगेटिव्हचा स्कॅनर आहे. घरातल्या चार पिढ्यांचे रोल, काकांनी १९६७ च्या कोयना भूकंपानंतर काढलेले सुद्धा. स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज ७ ला थांबला. ७ असलेलं यंत्र बिघडलं, म्हणून मुलाचा २०१६ चा लॅपटॉप मागून घेतला आणि त्यावर ७ टाकायला बसलो.

पहिल्याच पडद्यावर सांगितलं, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. अरे, मी तर पेनड्राइव्हवरून चालवतोय! टचपॅड हलेना, माउस हलेना, फक्त लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालू. कारण कळायला आठवडा गेला. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ ची, तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, आणि या लॅपटॉपचे सगळे पोर्ट यूएसबी ३ वरच चालतात. म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू झालेली सिस्टीम पुढच्याच पायरीला तो पेनड्राइव्ह ओळखत नाही. दुसऱ्या संगणकावर बसून डिझम नावाच्या साधनाने बूट.विम (सेटअपची) आणि इन्स्टॉल.विम (सिस्टीमची) या दोन्ही फायलींत ड्रायव्हर घातले. दोन्हींत घालायचे, बरं का. मी आधी एकीतच घातले होते, मग सिस्टीम बसली आणि माउस पुन्हा मेला.

त्याखेरीज बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, लेगसी (सुरू व्हायची जुनी पद्धत) चालू. डिस्कचे भाग नव्या जीपीटी पद्धतीने पाडलेले होते, लेगसीत ७ ला ते जुन्या एमबीआर पद्धतीचे लागतात, तेव्हा पुसणं आलं. पुसायच्या आधी मुलाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं, उघडून तपासलं, मगच बटण दाबलं. एसपी१ नंतरही अपडेट बसत नसतील, तर आधी केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९ ही दोन हाताने टाका. २०१९ पासून अपडेटांची सही बदलली, ती ओळखायला ही दोन लागतात.

आत्तापर्यंत ६११ निगेटिव्ह झाल्यात. पोफळीजवळच्या एका फोटोत पडलेल्या घरासमोर माझी आजी उभी आहे. तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

बंगळुरू, सिस्टीम ॲडमिन

सगळ्यांचं काम मनापासून आवडलं, पण एक कळकळीने सांगतो. एक्सपीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, ७ चे १४ जानेवारी २०२० ला, आणि आता १० चेही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा एक रात्र आणि दोन दिवस मी जागा होतो. जुन्या यंत्रांवरून बँक, यूपीआय, आधार, काहीही करू नका. भोसरीच्या दादांनी केलंय तेच बरोबर, नेटची वायरच काढून ठेवायची.

नेट हवंच असेल, तर त्या वयाच्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत सिस्टीम घाला; डेबियन, मिंट हे तिचेच प्रकार. मात्र २००६ चे बरेच प्रोसेसर फक्त ३२ बिट आहेत. डेबियन १२ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर आहे, १३ मध्ये तो नाही. मिंटची नेहमीची आवृत्तीही ३२ बिटची मिळत नाही. उतरवून घेण्याआधी हे बघा, नाहीतर दोन जीबी डेटा वाया.

आणि ताई, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात चालवता येते, नव्या लॅपटॉपच्या पोटात. लॉक तिथे ओळखलं, तर आप्पांचं यंत्र गेल्यावरही काम अडणार नाही. दोन्ही करून ठेवा.

रत्नागिरी

आमच्या आईच्या १ जीबीच्या छोट्या नेटबुकवर डेबियन १२ टाकलंय. इनस्क्रिप्ट हा मराठी टाइप करायचा कीबोर्ड लावला, आई त्यावर ओव्या लिहून ठेवते. बाकी तिला काही नको. दोन वर्षं झाली, एकदाही अडलेलं नाही.

सातारा, शिक्षिका

सोलापूरकर दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच होतं. लॉक काढलं, नोंद उडवली, ड्रायव्हर टाकला, रिस्टार्ट केलं आणि मग लॉक लावलं. आत बारीक लाल दिवा लागला. पेजमेकरही बसला. पहिल्या वेळेला फाँट सापडेना, कारण सीडीतून ते वेगळे बसवायचे असतात, तेवढं करून पुन्हा उघडलं.

नेटची वायर लावलेली नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या यंत्रावर तपासतेय. व्हर्च्युअलचं मे महिन्याच्या सुट्टीत करीन, भाच्याला सांगून ठेवलंय.

काल संध्याकाळी आप्पांना खुर्ची ओढून समोर बसवलं. त्यांनी स्वतः ११२ वं पान काढलं, तिथे पाणवठ्याचं साल चुकलं होतं, ते एका बोटाने दुरुस्त केलं. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, ‘दर्‍याखोर्‍यांतून आलेली ही माणसं’. म्हणाले, “आता बरोबर आहे. पुढचं पान काढ.”