फॅमिली ग्रुप: दहावी झाली, पोट्टा म्हणते ठोकलेल्या गाड्याइचं काम शिकतो

दिग्रसची ताई: सगळ्याइले नमस्कार. पोट्ट्याले दहावीत 71 टक्के पडले हे मालूम हायेच. आता हा म्हणते मले गाड्याइचं काम शिकाचं हाये, आन् तेही इंजिनचं नाही, ॲक्सिडेंटच्या गाड्या सरळ कराचं. याचे बाबा याच्याशी बोलूनच नाही रायले. कोणाले या लाईनीतलं समजत असन तं सांगा बाप्पा

कारंज्याची मावशी: डेंटिंग पेंटिंग का? त्याच्यासाठी शिकाले काय लागते माय, आमच्या बसस्टँडमागं सातवी नापास पोट्टे करतेत ते काम

दारव्ह्याचे मामा: करू द्या त्याले. पण आंधी इन्शुरन्सवाल्याइचे धंदे शिकव म्हणा. माह्या गाडीले आर्णी रोडनं रात्री रोही (नीलगाय) आडवा आला, बोनेट बंपर काच सारं गेलं. बिल झालं 38 हजार, कंपनीनं देल्ले 30. वरचे 8 हजार कायचे कापले? हप्ता घ्याच्या वक्ती तं पूर्रा घेतला

नागपूरचा दादा: मामा तुमचं बिल मी पाहिलं होतं, त्याच्यात चोरी काही नाही, घसारा आहे, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून त्याची किंमत कमी धरतात. तुमची गाडी साडेतीन वर्षाची, 3 ते 4 वर्षात लोखंडी पार्टवर 25 टक्के कापतात, बोनेट 12 हजाराचं म्हणजे 3 हजार गेले. बंपर प्लास्टिकचा, प्लास्टिक आन् रबराला वय नाही पाहत, सरळ 50 टक्के, 6 हजाराचे 3 हजार. काचेवर काही कापत नाहीत, 7 हजार पूर्ण भेटले. पेंटिंगचं बिल 8 हजार, त्याचा पाव हिस्सा म्हणजे 2 हजार रंगाचं मटेरियल धरतात आणि त्याच्या अर्धे कापतात, म्हणजे 1 हजार. फिटिंगची मजुरी 5 हजार, ते पूर्ण. कापलेले झाले 7 हजार. आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1 हजार मालकानं भरायचेच असतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतली असती तर ते 7 हजार वाचले असते, तेव्हा तुम्ही एजंटला म्हणाले काहून पैसे वाढवतं

दारव्ह्याचे मामा: हे मले त्या वक्ती कोणी सांगतलं का पण? गॅरेजवाला म्हणे कंपनीले विचारा, कंपनीवाला म्हणे गॅरेजवाल्याले विचारा

नागपूरचा दादा: तेच तर म्हणतो. पत्रा ठोकणारे लय आहेत आणि कागद भरणारे पण लय आहेत, दोन्ही समजणारा माणूस भेटत नाही आमच्या बॉडीशॉपला, ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करतो तिथं. ताई याला लाईनीत जाऊ दे पण आंगानं नको, डोक्यानं जाऊ दे

भाचा (ताईचा पोट्टा): दादा क्लेमच्या वक्ती नुकसान पाहाले येते तो सर्व्हेअर म्हणजे तुमच्या शोरूमचाच माणूस असते का?

नागपूरचा दादा: नाही रे. मोटरचा 50 हजाराच्या वरचा क्लेम असला की लायसन्सवाला सर्व्हेअर लागतो, ते लायसन्स आयआरडीएआय, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, देते. तो आमचाही नाही आणि कंपनीचा नोकरही नाही, स्वतंत्र असतो, किती नुकसान झालं आणि किती द्यायला पाहिजे ते लिहून देतो. त्याच्यासाठी मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा नाहीतर डिग्री पाहिजे, मग सर्व्हेअर लोकांची हैदराबादची इन्स्टिट्यूट आहे आयआयआयएसएलए म्हणून, तिथं स्टुडंट मेंबर व्हायचं, जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली 12 महिने काढायचे आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायची. नुसत्या आयटीआयवर हे दार उघडत नाही, म्हणून आतापासून सांगून ठेवतो

दिग्रसची ताई: मंग आयटीआय नको म्हणतं का? याच्या मित्रानं फॉर्म भरला

नागपूरचा दादा: वाईट नाही ताई. ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे एक-एक वर्षाचे ट्रेड आहेत, पण सगळ्या आयटीआयत नसतात. मोटर मेकॅनिक दोन वर्षाचा, तो केला तर पुढं डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येते. एक वर्षाचा ट्रेड करून बसला तर मात्र नोकरी लवकर लागेल पण तिथंच अडकेल. माझं विचारशील तर मार्क आहेत तर सरळ पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घे, यवतमाळ अमरावती दोन्हीकडं सरकारी आहे, आणि सुट्टीत माझ्याकडं येऊन हात काळे कर

कारंज्याची मावशी: हात काळे कराचेच हायेत तं डिप्लोमा कायले

नागपूरचा दादा: मावशी परवाचंच सांगतो. गाडी आली, वरून पाहिलं तर फक्त बंपर आणि एक लाईट. आमच्या नवीन पोट्ट्यानं तेवढंच एस्टिमेट बनवलं. जुन्या मिस्त्रीनं बोनेट बंद केलं आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) फटीत बोट फिरवलं, डाव्या बाजूला बोट जाते, उजव्या बाजूला नख जात नाही. बंपर खोलला तर रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला, एसीचा कंडेन्सर दबलेला, आणि आतला लाँग मेंबर, म्हणजे सांगाड्याचा लांब दांडा, मुरगळलेला. हे सर्व्हेअरला बोलावून, फोटो काढून, आधी मंजूर करून घ्यावं लागते, आधीच पार्ट बदलून टाकला तर क्लेममध्ये धरत नाहीत आणि जुना पार्टही दाखवायला सांभाळून ठेवावा लागतो. आता मिस्त्रीला दिसलं पण लिहिता येत नाही, पोट्ट्याला लिहिता येते पण दिसलं नाही. आणि आताच्या गाड्याचा पत्रा जागोजागी हाय स्ट्रेंथ स्टीलचा असते, गॅस लावून लाल करून सरळ केला तर त्याची ताकदच जाते, गाडी दिसते छान आणि दुसऱ्या धडकेत माणूस वाचत नाही. बसस्टँडमागं हे कोण सांगन?

दारव्ह्याचे मामा: हे बाकी बरोबर बोलला पोट्टा

दिग्रसची ताई: अन् त्या रंगाच्या वासानं काही होत नाही ना? याले लहानपणी दम्याचा त्रास होता

नागपूरचा दादा: हे बरं झालं विचारलं. गाडीच्या टू-पॅक रंगात (रंग आणि हार्डनर मिसळून मारतात तो) हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असते, त्यानं ज्याला नाही त्याला पण दमा लागू शकते. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, रंग मारायचा बंद बूथ पाहिजे आणि बाहेरची स्वच्छ हवा येणारा मास्क पाहिजे. आपल्याकडं तर उन्हाळ्यात गरमी होते म्हणून तोंडाचं सगळं काढून फेकतात. याला दमा होता तर पेंटिंगचं नावच काढू नको, बॉडी, एस्टिमेट, क्लेम इकडंच राहू दे. आणि डॉक्टरला एकदा विचारूनच घे

भाचा: चालते दादा मले पेंटिंग नाहीच कराचं. पण पगार किती असते?

नागपूरचा दादा: सुरुवातीला कमीच, सांगून ठेवतो, तुझ्या सोबतचे कॉम्प्युटरवाले जास्त आणतील. पण बॉडीशॉपमध्ये ॲडव्हायझर, मग क्लेम डेस्क, मग मॅनेजर अशी पायरी आहे, आणि लायसन्स काढलं तर स्वतःचं काम. समृद्धीवर, हैदराबाद रोडवर गाड्या काही कमी होऊन नाही रायल्या. फॉर्म भरायच्या आधी चार दिवस इकडं पाठव त्याला ताई. चप्पल नको, बूट घालून ये म्हणा, वर्कशॉपमध्ये आत घेत नाहीत. आणि डोमिसाईल, नॉन क्रीमीलेअर आताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतूत लाईन लागते

दिग्रसची ताई: याच्या बाबाले सारं वाचून दाखवलं. म्हणे चार दिवस जाऊ दे, मंग पाहू

कारंज्याची मावशी: अन् दादा आमच्या गाडीले परवा रानडुकरानं टक्कर देल्ली, लाईट फुटला. ते भेटते का इन्शुरन्समध्ये?

नागपूरचा दादा: पॉलिसी कोणती आहे त्याच्यावर आहे मावशी. फक्त थर्ड पार्टी असन तर स्वतःच्या गाडीचं एक रुपया नाही भेटत, फुल असन तर भेटन, पण नुसत्या लाईटसाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्यावर हप्त्यात भेटणारी सूट, जाते, हिशोब करूनच टाकू. आंधी पॉलिसीचा फोटो पाठवा, पहिल्या पानाचाच नाही, सगळ्या पानाचा