घरचे वायफाय आणि संगणक सुरक्षित करताना आलेले अनुभव

इंटरनेटची जोडणी देणारा माणूस राउटर भिंतीवर लावतो, मोबाइलवर इंटरनेट सुरू झाल्याचे दाखवतो आणि निघून जातो. त्या दिवशी त्याने ठेवलेले पासवर्ड आणि सेटिंग बहुतेक घरांत वर्षानुवर्षे तशीच राहतात. आपण ती आपल्या ताब्यात कशी घेतली, कुठे अडलात आणि घरच्यांना ते कसे पटवले, हे सविस्तर लिहावे.

नवी मुंबई, गृहसंस्थेचे पदाधिकारी

आमच्या भागाला या विषयाचे गांभीर्य जुलै २००८ मध्येच कळले. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले, आणि त्याच्या असुरक्षित वायफायचा वापर तिऱ्हाइताने केल्याचे पुढे स्पष्ट होईपर्यंत त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. आपल्या जोडणीवरून कोणी काही केले, तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतात, हे मी आजही प्रत्येक नव्या सभासदाला सांगतो.

आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन आम्ही राउटर तपासून देतो. पासवर्ड दोन असतात, हेच बहुतेकांना माहीत नसते: एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरची सेटिंग उघडण्याचा. पहिला घरोघरी बदललेला आढळतो, पण दुसरा मात्र कारखान्यातून आला तसाच, ‘अॅडमिन’ असा असतो. आणि तो ज्याला ठाऊक आहे, तो एकदा वायफायवर आला की पहिला पासवर्डही वाचू शकतो. आम्ही दोन्ही बदलतो, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करतो आणि नवे पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवायला सांगतो. कागदावर लिहिण्यास अनेकांचा विरोध असतो, परंतु दूर बसलेल्या चोराला आपले कपाट उघडता येत नाही.

पुणे, नेटवर्क अभियंता

बटण दाबून किंवा आठ अंकी पिन देऊन जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय मी सर्वांत आधी बंद करतो. आठ अंक म्हटल्यावर कोट्यवधी शक्यता वाटतात. पण राउटर त्या पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरूनच ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. सुरक्षा संशोधक स्टेफान फीबॉक यांनी ही त्रुटी डिसेंबर २०११ मध्ये उघड केली.

पासवर्ड लांब का असावा, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. डब्ल्यूपीए २ या वायफायच्या प्रचलित सुरक्षा पद्धतीत आपला फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर त्याला आपल्या घराजवळ थांबावेही लागत नाही. तो स्वतःच्या संगणकावर सवडीने पासवर्डचे अंदाज तपासत बसू शकतो. आठ अक्षरे चालतात म्हणून आठच ठेवू नयेत, ६३ पर्यंतची मुभा आहे. मी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहितो. राउटर आणि सगळी उपकरणे नवी असतील, तर २०१८ मध्ये आलेला तिचा पुढचा प्रकार, डब्ल्यूपीए ३, निवडावा, कारण त्यात असे सवडीचे अंदाज चालत नाहीत.

वायफायचे नाव लपवण्यात मात्र वेळ घालवू नये. जोडलेली उपकरणेच ते नाव हवेत सांगत असतात.

नाशिक, घरी शिकवणी घेणारी शिक्षिका

विद्यार्थ्यांना वायफाय नाकारणे मला पटत नव्हते. राउटरमधली पाहुण्यांसाठीची वेगळी जोडणी सुरू केली. तिच्यावरून आमचा संगणक व प्रिंटर दिसत नाही, आणि दर सत्रात तिचा पासवर्ड बदलते.

सांगली, करसल्लागार

माझ्या संगणकावर लोकांचे हिशेब असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या घातक प्रोग्रामने जगभरच्या विंडोज संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याला रोखणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. तेव्हापासून आमच्या घरी अपडेट पुढे ढकलले जात नाही. रोजच्या कामासाठी अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले खाते वापरतो, आणि फायलींची प्रत घेतली की बाहेरची डिस्क लगेच काढून ठेवतो, कारण जोडलेली डिस्कही अशा हल्ल्यात जाते. अधूनमधून त्या प्रतीतून एखादी फाइल उघडून पाहणे मला तितकेच आवश्यक वाटते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आईच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नसल्याने तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवली. वर्तमानपत्रे वाचणे आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे त्यावर उत्तम चालते.

मडगाव, निवृत्त बँक कर्मचारी

माझी काळजी कॅमेऱ्यांची होती. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यात ठरलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर हल्ला झाला. ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनात. ज्यांचे कॅमेरे होते, त्यांना त्याचा पत्ताही नसावा. आमचे दोन्ही कॅमेरे मी पाहुण्यांच्या जोडणीवर टाकले, त्यांचे पासवर्ड बदलले आणि राउटरमधले यूपीएनपी बंद केले, म्हणजे कोणतेही उपकरण न विचारता बाहेरची वाट उघडत नाही. अंगणातल्या जुन्या कॅमेऱ्याला उत्पादकाकडून अपडेट येणे थांबले होते; तो काढून टाकला आणि तिथे साधा दिवा लावला.