आमचं स्नूकर टेबल विकायला निघालंय, घ्यावं का नाद सोडावा?

वाशिष्ठीकाठचा
मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. चिपळुणात ज्या पार्लरमध्ये मी गेली नऊ वर्षं खेळतोय तिथलं एकुलतं एक स्नूकर टेबल दिवाळीनंतर जाणार. मालक काका म्हणाले, बाबा रे, तुझ्या या एका टेबलाच्या जागेत माझी दोन पूल टेबलं बसतात, पोरंही पूलच मागतात, आणि तू एकटा येऊन दोन तास लाल बॉलांची रांग लावत बसतोस त्यात माझं लाईटबिल निघत नाही. त्यांचं चुकीचं काहीच नाही. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा पार्लरमध्ये छातीभर पाणी होतं. कापड सडलं, लाकडी फ्रेम फुगली, पण खालच्या पाच स्लेटा धुऊनपुसून परत वापरता आल्या, शेवटी दगडच तो. त्यावेळी काकांनी घरातले पैसे घालून टेबल उभं केलं, त्यामुळे माणसाने जीव लावला नाही असं मी तरी म्हणणार नाही.

या आधी मी खेडला आणि रत्नागिरीला जिथे खेळायचो त्या दोन्ही जागा गेल्या, एकीचा टर्फ झाला आणि दुसरीत आता मोबाईलच्या काचा बदलून देतात.

तर काका टेबल मलाच देतायत, १ लाख ४० हजाराला, बॉलचा सेट, रेस्ट (लांबच्या शॉटला काठी टेकवायचा दांडा) आणि वरच्या लाईटसकट. आम्ही चौघं आहोत. सावर्ड्याला मित्राची आंब्याची पॅकिंग शेड आहे, जांभ्याच्या भिंती, कोबा केलेली जमीन, आणि उंचावर असल्याने पुराची भीती नाही. मी २६ वर्षांचा, सीएच्या ऑफिसात नोकरी. प्रॅक्टिसमधला बेस्ट ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग केलेले गुण, ६४, मॅचमध्ये ४१. पुण्यात एकदाच स्पर्धा खेळलो, पहिल्याच राऊंडला घरी.

माझं मत, घ्यावं. क्रिकेट माळावर होतं, कबड्डीला अंगण पुरतं, पण स्नूकर टेबल गेलं की खेळच गेला. आणि कोणी पूल खेळ असं सांगू नका प्लीज. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्नचा, टेबल बारा फुटी, आणि पॉकेटचे ओठ गोल त्यामुळे जरा तिरका लागला की बॉल दोन्हीकडे थरथरून बाहेर. तीन महिने नुसतं पूल खेळून परत आलो होतो तेव्हा सरळ समोरचा निळा बॉल पॉकेटात जाईना.

घाटावरचा
वाचून वाईट वाटलं पण माझं मत उलट आहे. नका घेऊ. मी पुण्यात कॉलेजात असताना सहा वर्षं खेळलोय म्हणून बोलतो. तुला टेबल कमी पडत नाहीये, तुला तुझ्यापेक्षा चांगला खेळणारा समोर कमी पडतोय. शेडमध्ये तेच चौघं एकमेकांना हरवत बसाल. सेफ्टी म्हणजे काय ते तेव्हा कळतं जेव्हा समोरचा वीस मिनिटं तुला एकही लाल दिसू देत नाही आणि तू खुर्चीत बसून नखं खातोस. ते सावर्ड्यात कोण करणार?

पंकज अडवाणीचं नाव कोणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो, जन्म पुण्याचा असला तरी घडला बंगळुरात, तिथे राज्य संघटनेची टेबलं होती आणि शिकवायला अरविंद सावूर होते. २००३ साली अठराव्या वर्षी जागतिक हौशी स्नूकर जिंकला तो नुसत्या जिद्दीवर नाही, भोवतीच्या माणसांवर. ओम अगरवाल, यासीन मर्चंट, आदित्य मेहता, ही आपली बाकीची नावाजलेली स्नूकरवाली पण सगळी शहरातली. २६ वय आहे, १ लाख ४० हजारात पुण्यात चार-पाच महिने राहून बघ, जमलं तर जमलं.

कुडाळचो झिलगो
घाटावरचे भाऊ, तुमचा बरोबर असा पण पुण्यात खोलीचा भाडा कोण भरतलो? माका विचारशात तर टेबल घेवचा. आमच्या कुडाळात आता खेळूक काय नाय, मी रविवारी बाईक काढून गोव्यात जातंय, जाऊन येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर, दोन तास खेळूक. पावसात तर घाम की पाणी ताच समजना नाय. सावर्ड्याक टेबल लागला तर मी मांडवी एक्स्प्रेसीन येतंय, क्यू (खेळूची काठी) घेवन.

नाव नको
मला कळत नाही या खेळाबद्दल एवढा गळा का काढतात. आमच्या गावातलं पार्लर बंद झालं तेव्हा आया देवळात नारळ फोडून आल्या. 'लूझर पे' म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे, मग त्याच्यावर पैज, मग त्याच्यावर उधारी. माझा सख्खा भाऊ बारावीत तिथे बसून नापास झाला. बंद होतायत ते बरंच आहे. ऑलिंपिकमध्ये नाही, एशियाडमध्ये होता तो पण २०१० नंतर काढला, सरकारी नोकरीची आशा तरी कशाला दाखवायची.

वाशिष्ठीकाठचा
@नाव नको, भावाचं ऐकून वाईट वाटलं आणि पैजेचं तुम्ही खोटं बोलत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. पण पत्त्यावर पण पैसे लागतात, क्रिकेटवर किती लागतात ते तर विचारूच नका, म्हणून क्रिकेट कोणी बंद केलं नाही. आणि नोकरीचं म्हणाल तर पेट्रोलियम कंपन्यांनी क्यू स्पोर्टच्या, म्हणजे स्नूकर-बिलियर्ड्सच्या, खेळाडूंना घेतलेलं आहे, अडवाणी स्वतः ओएनजीसीत. मला मिळेल असं म्हणत नाहीये, माझा ब्रेक ६४ आहे, मला माझी लायकी माहितीये.

@घाटावरचा, तुमचा मुद्दा लागला. रात्री झोप नाही लागली.

देवरूखची मावशी
माझं थोडं वेगळं. मुलांनो, पार्लर गेलं पार्लर गेलं म्हणताय पण त्या पार्लरात माझी भाची कधी पाय ठेवू शकली का? तिला कॅरममध्ये जिल्ह्याचं बक्षीस आहे, रीबाऊंड बघाल तर तोंडात बोट घालाल, स्नूकर यूट्यूबवर बघून मला समजावते की मावशी हे कॅरमच आहे पण बॉल फिरतो. तिला घेऊन आम्ही एकदा गेलो तर सगळे खेळायचे थांबून तिच्याकडेच बघत बसले, धूर एवढा की मी बाहेर येऊन उभी राहिले. २०२५ मध्ये दोह्याला चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने जागतिक विजेतेपद घेतलं, ती बातमी भाचीने कपाटाला चिकटवलीये. तर तुमच्या त्या शेडमध्ये सिगरेट नसेल आणि मुलींना शनिवारी दुपारची वेळ मिळणार असेल तर माझे पाच हजार धरा. नसेल तर तुमचा आणि त्या काकांचा पार्लर मला सारखाच.

खडूचा डाग
टेबलं बसवणाऱ्याबरोबर मी चार वर्षं हेल्पर होतो, कोल्हापूर-सांगली साईडला जास्त. कोणी खऱ्या प्रॉब्लेमबद्दल बोलतच नाहीये, तो म्हणजे दमट हवा. कापड लोकरीचं असतं, त्याला लव असते, ती बॉककडून (खेळ सुरू करतात ते टोक) काळ्या बॉलच्या टोकाकडे झोपलेली. तुमच्या कोकणात जूनपासून ते कापड पाणी पितं, बॉल जड चालतो, कुशनवरून वेगळ्याच अँगलने उठतो, पोरं म्हणतात माझा स्ट्रोक बिघडला. स्ट्रोक नाही बिघडला, टेबल ओलं आहे. मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात ते उगाच नाही. जांभ्याची भिंत तर स्पंजसारखी, पावसाळ्यात आतून घाम येतो. डीह्युमिडिफायर घ्यावा लागेल आणि तो रोज चालवावा लागेल, रविवारी एक दिवस चालवून भागत नाही. रोज ब्रश, बॉककडून काळ्याकडेच, उलटा मारायचा नाही, मग इस्त्री. वजन टनाच्या वर आहे, कोबा एका बाजूला दोन मिलिमीटर जरी बसला तरी हळू मारलेला पांढरा आपोआप कोपऱ्याकडे पळायला लागेल. आणि जागा बावीस बाय सोळा फूट तरी हवी, नाहीतर क्यू मागे भिंतीला आपटतो.

मी घेऊ नका म्हणत नाही. टेबलाच्या किमतीएवढेच आणखी पैसे बाजूला ठेवा एवढंच.

घाटावरचा
घ्या, हा आणखी खर्च. आणि एक विचारायचं राहिलं, आंब्याची शेड म्हणजे एप्रिल-मे मध्ये पेट्या कुठे ठेवणार?

वाशिष्ठीकाठचा
हाहा पकडलंत. ते दोन महिने टेबलावर प्लायवूड टाकून त्यावर कागद आणि पेट्या, असं मित्राचे बाबा म्हणालेत. म्हणजे शेफिल्डला क्रूसिबलमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू असणार आणि इथे आमच्या टेबलावर पायरी पिकत असणार. ते दोन महिने मी घरी बाटली करतो. बाटली म्हणजे कोकम सरबताची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि क्यू तिच्या तोंडातून काचेला न लागता आत-बाहेर करायचा. पहिल्या आठवड्यात टण् टण् टण्, आईने विचारलं घरात घंटा कोण वाजवतंय. आता शंभरात चार-पाच वेळाच लागतो.

घाटावरचा
बाटली चांगली आहे, मी पण केलीये. पण बाटली परत सेफ्टी मारत नाही रे. माझा हट्ट कायम, पुण्याला ये. अडवाणीसारख्याने २०१४ मध्ये प्रो टूरचं कार्ड सोडलं, त्याला इंग्लंडात राहायचं नव्हतं, इथेच राहून खेळायचं होतं, तो परवडला कारण तो अडवाणी होता. आपण घर धरून बसलो तर घरच मिळतं.

कुडाळचो झिलगो
घर मिळता ता काय कमी असा?

नाव नको
मावशींचं सिगरेटचं पटलं. बाकी माझं मत तेच आहे. फक्त एक, शेडमध्ये उधारीची वही ठेवू नका. रोख नसेल तर खेळायचं नाही, असा बोर्ड लावा आणि पाळा.

वाशिष्ठीकाठचा
काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. लांबी २३ फूट, ती प्रश्नच नाही. रुंदी १५ फूट २ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच कमी पडतात, तिथे बॉल कुशनला चिकटला की क्यू भिंतीला लागणार. मित्र म्हणतो भिंतीतला जांभ्याचा चिरा काढू, मी म्हटलं बाबांना विचार आधी. मावशी, शनिवारी दुपारी दोन ते पाच मुलींचं, बोललो मी बाकी तिघांशी, एक जण कुरकुरला पण झालं. सिगरेट बाहेर, काजूच्या झाडाखाली.

@घाटावरचा, जानेवारीत पुण्याला येतोच आहे स्पर्धेला. आधी एक फ्रेम, म्हणजे एक डाव, तुमच्याशी.

घाटावरचा
ये. सहा वर्षांत हात लावला नाहीये, हरलो तर इथे लिहायचं नाही.

खडूचा डाग
चिरा काढू नका वेडेहो, बुटका क्यू ठेवा त्या बाजूला, सगळ्या अडचणीच्या पार्लरमध्ये असतो. आणि काकांकडून टेबल उतरवताना पाचही स्लेटांवर खालच्या बाजूने चॉकने नंबर टाका आणि बाण काढा कुठली बाजू काळ्याकडे ते. एक जरी उलटी बसली तर जोडावर बॉल उडी मारतो, मग मला फोन कराल आणि मी कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येणार नाही, सांगून ठेवतो. टेम्पो कुठला आहे? बोलेरो पिकअप असेल तर दोन खेपा करा.