कूलरला टू-पिन नकोच

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की कूलरला टू-पिन प्लग लावला तरी चालतं. कृपा करून असं करू नका! नागपूरच्या मे महिन्यात लोखंडी कूलर दिवसभर ओला असतो. पंपाचं इन्सुलेशन गेलं की करंट थेट बॉडीत उतरतो. थ्री-पिन प्लगची लांब, जाड पिन (अर्थची) तो करंट जमिनीत नेण्यासाठीच असते. हिरवी वायर तिलाच जोडा आणि प्लगच्या आत थोडी सैल ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी सुटेल. अर्थात बोर्डाला अर्थिंग हवंच, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जमलं तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा.

किटकॅट फ्यूजमध्ये (बोर्डावरचा तार बसवायचा जुना चिनीमातीचा फ्यूज) फ्यूज वायरऐवजी साधी तांब्याची तार तर अजिबात नको. ती वितळायच्या आधी वायरिंग जळतं. आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.