मदत हवी आहे: पाषाणहून हडपसरला शिफ्ट होतोय, रात्रीच्या उकाड्याचं काय करता?
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात हडपसरला टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये जातोय, सोबत आई-बाबा आहेत म्हणून जरा टेन्शन. दुपारी काय, सगळं पुणंच भाजतं, पण एप्रिल-मेमध्ये हवामान खात्याचे आकडे बघितले तर रात्रीचं किमान तापमान हडपसरच्या मगरपट्ट्याला पाषाणपेक्षा बऱ्याचदा 4-5 डिग्रीने जास्त असतं, इकडे टेकडी नि झाडी आहे म्हणून पहाटे पांघरूण लागतं आणि तिकडे काँक्रीट दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत बसतं.

तर तिकडच्यांनी प्लीज सांगा, गच्चीला पांढरा कूल रूफ पेंट (ऊन परतवून छत कमी तापू देणारा रंग) मारून खरंच फरक पडतो का, की धुळीने काळा पडला की संपलं? कूलरवर भागतं का डायरेक्ट एसीच घ्यावा? आणि सोसायटीवाले पेंटला परवानगी देतात का, खर्च कोण करतं?